बिरसी ते चिपी : आकाशातून ९४० किमी, पण घरी पोचायला किती तास?

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी आणि मे महिन्यात आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. आपल्या जिल्ह्यातली बरीच मंडळी सिंधुदुर्गात नोकरीला आहेत. जिल्हा परिषदेचे गुरुजी आहेत, कोणी बँकेत आहे, कोणी मालवणच्या हॉटेलात. ते विचारतात, "भाऊ, बिरसीवरून चिपीला विमानानं किती वेळ लागते? मोबाईलवर तर एक तास चाळीस मिनिटं दाखवते."

मोबाईल खोटं बोलत नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो आपला प्रश्न नसतो. दोन ठिकाणांमध्ये विमान सरळ उडालं तर किती वेळ हवेत राहील, एवढंच तो सांगतो. असं विमान आहे का, कोणत्या वारी आहे, आणि आमगावच्या माणसाला कुडाळच्या खोलीवर पोचायला घरून किती वाजता निघावं लागेल, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून आज हा हिशेब जरा नीट मांडून पाहू.

आधी दोन्ही टोकं बघू. बिरसीचं विमानतळ गोंदिया शहरापासून बारा-पंधरा किमीवर, कामठ्याच्या बाजूला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. नंतर अनेक वर्षं तिथं फारसं काही नव्हतं. आता वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळं धान रोवताना डोक्यावरून घिरट्या घालणारी छोटी शिकाऊ विमानं आपल्याला नवी नाहीत. प्रवासी विमान मात्र २०२२ साली मार्चमध्ये आलं. फ्लायबिग कंपनीची इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोनं हैदराबाद–गोंदिया–तिरुपती अशी सेवा सुरू केली.

चिपीचं विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात, परुळ्याजवळच्या कातळाच्या पठारावर, समुद्राच्या अगदी जवळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. पुढं २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय नाइंटीवन कंपनीनं बेंगळुरू, हैदराबाद आणि नंतर पुणे अशा सेवा दिल्या.

म्हणजे राज्याच्या नकाशावर एक टोक उत्तर-पूर्वेला छत्तीसगड-मध्य प्रदेशाला टेकलेलं, दुसरं दक्षिण-पश्चिमेला गोव्याला टेकलेलं. महाराष्ट्रात राहून याच्याहून लांबचं माहेर मिळणं कठीणच.

आता अंतर. बांधीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं असेल तर दोन रस्ते असतात. धुऱ्याधुऱ्यानं काटकोनात जा, नाही तर धान कापून झालं असेल तर तिरपं बांधीतून जा. विमान तिरपं जाते. हे तिरपं अंतर शाळेतल्या पायथागोरसच्या नियमानं काढता येतं, त्याला इंटरनेट लागत नाही.

बिरसी आहे २१.५ अंश उत्तर अक्षांश आणि ८०.३ अंश पूर्व रेखांशावर. चिपी १६ अंश उत्तर आणि ७३.५ अंश पूर्वेवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. दोघांच्या अक्षांशात साडेपाच अंशाचा फरक, म्हणून चिपी आपल्यापेक्षा सुमारे ६१० किमी दक्षिणेला. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किमी असतो आणि ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो, संत्र्याच्या फोडी जशा दोन्ही टोकांना निमुळत्या होतात तसा. आपल्या महाराष्ट्राच्या मधोमध तो १०५ किमी धरायचा. रेखांशातला फरक ६.८ अंशाचा, म्हणून चिपी आपल्यापेक्षा सुमारे ७१० किमी पश्चिमेला. आता ६१० चा वर्ग आणि ७१० चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ९३६ येते. पृथ्वीचा गोलावा धरून आणि अंशांचे बारीक आकडे घेऊन काढलं तर ९४० येते. चार किमीचा फरक, तोही आपण आकडे ढोबळ घेतले म्हणून. वैमानिक लोक हेच अंतर सागरी मैलात सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, तेव्हा त्यांच्या भाषेत हे झालं साधारण ५०७ सागरी मैल.

नववी-दहावीच्या पोरांना हा हिशेब जरूर करायला लावा. जळगाव–नांदेड काढा, अकोला–रत्नागिरी काढा. मोबाईलवर नकाशात बोट दाबून धरलं की दोन्ही अंश मिळतात.

ही ९४० किमीची रेष नकाशावर पट्टी ठेवून ओढली तर गंमत दिसते. बिरसीवरून निघालं की हिंगणघाटच्या अंगानं, मग किनवट, नांदेड, लातूर, तुळजापूर, मंगळवेढा, मिरज, कागल आणि घाट उतरून चिपी. जवळपास सगळी गावं रेषेवर किंवा रेषेच्या आजूबाजूला. ज्यांनी शक्तिपीठ महामार्गाचा नकाशा पाहिला असेल त्यांच्या लक्षात आलं असेल, तोही वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत साधारण याच दिशेनं आखला. सुमारे ८०० किमी आणि बारा जिल्हे. नागपूर–गोवा हा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल असं सरकारनं सांगितलं, आणि कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी स्वतः शेती करतो, त्यामुळं नकाशावरची सरळ रेष पाहिली की मला आधी तिच्याखालचे सातबारे दिसतात. विमानाला वरून जाताना कोणाचं वावर लागत नाही, फक्त दोन टोकांना लागते. तेवढं तरी बिरसीत आणि चिपीत दोन्हीकडं घेतलं गेलंच आहे.

असो. अंतर झालं, आता वेळ.

मोबाईलवरचा एक तास चाळीस मिनिटं हा आकडा कुठून येतो ते सांगतो. अंतर सांगणारी बहुतेक संकेतस्थळं मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ८०० किमीच्या आसपास धरतात, अंतराला भागतात आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास जोडतात. ९४० भागिले ८०० म्हणजे एक तास दहा मिनिटं, अधिक तीस. झाले एक तास चाळीस. म्हणजे हा कोणत्याही कंपनीच्या वेळापत्रकातला आकडा नाही, नुसता भागाकार आहे.

पण २०२४ मध्ये बिरसीला आणि चिपीला नेहमी येणारं विमान मोठं जेट नव्हतं. ते होतं एटीआर ७२, पंख्याचं विमान, सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या घरात. ९४० भागिले ५००, म्हणजे एक तास त्रेपन्न मिनिटं. त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जाणं, हळूहळू चढणं, उतरताना रांगेत थांबणं हे वीस-पंचवीस मिनिटं धरा. थेट विमान असतं तर सव्वादोन तास लागले असते.

त्यातही वारा असतो. समजा पश्चिमेकडून ताशी ५० किमीचा वारा समोरून येतो आहे. विमानाचा जमिनीवरचा वेग ४५० होतो आणि तेच अंतर कापायला दोन तास पाच मिनिटं लागतात. परत येताना तोच वारा पाठीशी, वेग ५५०, वेळ एक तास त्रेचाळीस. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणून तिकडून इकडं येणारं विमान कधी कधी वेळेआधीच टेकते. शिवाय विमान खरोखर पट्टीनं ओढल्यासारखं जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग आहेत, वळणाची ठरलेली ठिकाणं आहेत, काही भाग सैन्यासाठी राखीव आहेत. त्यामुळं प्रत्यक्ष कापलेलं अंतर सरळ रेषेपेक्षा थोडं जास्तच भरते.

हे सगळं धरलं तरी हिशेब अडीच तासांच्या पुढं जात नाही. मग माणसाचा दिवस कुठं जातो?

बिरसी ते चिपी थेट विमान नाही. २०२४ मध्ये दोघांनाही जोडणारं सामाईक ठिकाण होतं हैदराबाद. आता लोकांना वाटते की हैदराबादला जाणं म्हणजे मोठा वळसा. तो वळसा मोजून पाहा. बिरसी ते हैदराबाद सरळ अंतर सुमारे ५१५ किमी, हैदराबाद ते चिपी ५४०. बेरीज १,०५५. थेट ९४० होतं. म्हणजे वळसा फक्त ११५ किमीचा, शंभराला बारा. हवेतला वेळ पहिल्या टप्प्यात एक तास पंचवीस मिनिटं, दुसऱ्यात दीड तास, मिळून तीन तासांच्या आत. थेट विमान असतं तर सव्वादोन. वळशानं आपलं नुकसान किती, तर चाळीस मिनिटं.

खरा वेळ खाते ती वाट पाहणं. हैदराबादला उतरल्यावर दुसरं विमान दोन तासांनी असलं तर सकाळी निघून संध्याकाळी कुडाळला. ते पहिलं उतरायच्या अर्धा तास आधी सुटून गेलं असलं तर पुढची फेरी दुसऱ्या दिवशी, आणि त्या वारी फेरीच नसली तर परवा. छोट्या विमानतळांवरच्या सेवा दिवसाला एक, आठवड्यातून तीन-चार अशाच असतात. मोठ्या शहरात विमान चुकलं तर माणूस दोन तासांनी दुसऱ्यानं जातो. आपलं चुकलं की मुक्काम पडतो. म्हणून दोन आडबाजूच्या विमानतळांमधला प्रवास किती तासांचा, हे किलोमीटर ठरवत नाही, आठवड्यातल्या फेऱ्या ठरवतात.

रेल्वेतही अगदी हेच होते, पाहा. गोंदियावरून दुपारी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. तिथून कोकणात जाणारी मांडवी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास सुटते. विदर्भ वेळेवर आली आणि सामान कमी असलं तर मांडवी सापडते, दुपारनंतर कुडाळ. एकूण पंचवीस तासांच्या आसपास. विदर्भला थोडा उशीर झाला तर मांडवी गेली. मग दिवसभर मुंबईत बसा, रात्री अकराच्या सुमारास कोकणकन्या पकडा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कुडाळला उतरा. चाळीस तासांच्या वर. दहा-पंधरा मिनिटांच्या उशिराचे सोळा तास झाले. रुळाचं अंतर दोन्ही वेळा तेवढंच आहे, चौदाशे किमीच्या वर. पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेच्या गाड्या आणखी हळू चालतात, तो वेळ वेगळा.

महाराष्ट्र एक्सप्रेसचाही रस्ता आहे. गोंदियावरून थेट कोल्हापूर, मग एसटीनं घाट उतरून सिंधुदुर्ग. राज्याच्या हद्दीतच एवढं लांब धावणारी ही गाडी, पूर्ण एक दिवस आणि वर काही तास घेते. पण गाडी बदलायची कटकट नाही, म्हातारी माणसं सोबत असली तर अजूनही लोक हिलाच पसंती देतात. नागपूर–मडगाव अशी आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडीही कुडाळला थांबत आली आहे, मात्र विशेष गाडीची मुदत चालू आहे की नाही हे दर वेळी तपासावं लागते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका गुरुजींना कणकवलीकडं असताना रात्री फोन आला, आई गेली. माणूस अशा वेळी काय करते? मोबाईल उघडते. गुरुजींनी चिपी ते गोंदिया टाकलं, एक तास चाळीस मिनिटं आलं, जीवात जीव आला. मग तिकीट शोधायला लागले तर त्या दिवशी फेरी नव्हती. दुसऱ्या दिवशी होती, पण हैदराबादला पोचेपर्यंत गोंदियाचं विमान निघून जात होतं. हे समजण्यात रात्रीचे दोन-अडीच तास गेले. सकाळी शेवटी मुंबईकडं निघाले. इकडं घरी पावसाची झड, नातेवाईक बसलेले, एक रात्र बर्फावर काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या भावानं निर्णय घेतला. गुरुजी मातीला पोचले नाहीत. कोणाची चूक म्हणून सांगत नाही, चूक कोणाची नव्हतीच. पण हवेतला वेळ आणि प्रवासाचा वेळ यातला फरक आधी माहीत असता तर ते अडीच तास चिपीच्या शोधात गेले नसते.

घाईच्या वेळी करायचं काय, तर विमानतळाचं नाव विसरायचं आणि आपल्या आजूबाजूच्या मोठ्या विमानतळाकडं पाहायचं. आपल्याला तो नागपूर. सिंधुदुर्गवाल्यांना गोव्याचा मोपा. मोप्याचं विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. कुडाळवरून पन्नासएक किमी. नागपूर ते मोपा सरळ अंतर सुमारे ८१० किमी, जेट विमानाला दीड-पावणेदोन तास. थेट विमान ज्या दिवशी असेल त्या दिवशीचा हिशेब असा: गोंदिया ते नागपूर रेल्वेनं दोन-सव्वादोन तास, स्टेशनावरून विमानतळावर जाणं आणि तिथं आधी पोचणं मिळून अडीच तास, हवेत पावणेदोन, उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा-पाऊण तास, पुढं रस्त्यानं दीड तास. झाले साधारण नऊ तास. थेट विमान नसलं तरी नागपूर आणि गोवा दोन्हीकडून मुंबईला दिवसात अनेक विमानं असतात. एक चुकलं तर दुसरं आहे, हाच त्याचा मोठा फायदा.

तुलना करायची तर सगळं सरळ रेषेच्या ९४० किमीवर आणून पाहा. मांडवी सापडली तर आपण ताशी ३७-३८ किमीनं सरकलो. मांडवी चुकली तर ताशी २३. नागपूर-मोपामार्गे ताशी १०४. आणि विमान स्वतः ५०० नं उडते. एवढी तफावत सारी जमिनीवर बसून राहण्याची.

मग थेट विमानच का सुरू करत नाहीत, असं विचारणारे असतातच. धावपट्टीची अडचण नाही. बिरसीची धावपट्टी सुमारे २,३०० मीटर, चिपीची २,५०० मीटर. एटीआरला याच्या निम्मी-पाऊण पुरते, मोठं जेटसुद्धा दोन्हीकडं उतरू शकते. इंधनाचीही अडचण नाही, ९४० किमी एटीआरच्या आवाक्यात आहे. अडचण माणसांची आहे. सत्तर आसनांचं विमान आठवड्यातून तीनदा दोन्ही बाजूंनी चालवायचं म्हणजे आठवड्याला ४२० आसनं भरायची. आपल्या आठ तालुक्यांतून सिंधुदुर्गला आठवड्याला किती जण जातात? गावोगावी विचारून पाहा, बोटावर मोजता येतील. हैदराबादच्या विमानात मात्र हैदराबादला जाणारा बसतो, तिथून पुढं बेंगळुरू, चेन्नईला जाणारा बसतो, आखाती देशात कामाला जाणाराही बसतो. एकाच विमानात दहा ठिकाणची माणसं, म्हणून ते भरते. सगळ्या एसट्या आधी तालुक्याच्या स्टँडवर का येतात, खेड्यावरून खेड्याला थेट का जात नाहीत, त्याचं कारणही तेच.

केंद्र सरकारची उडान योजना याच अडचणीवर काढलेला तोडगा. २०१६ मध्ये ती जाहीर झाली, २७ एप्रिल २०१७ ला सिमला–दिल्ली हे पहिलं उड्डाण झालं. तासाभराच्या, म्हणजे ५०० किमीच्या आसपासच्या उड्डाणाला ठरावीक आसनं अडीच हजार रुपयांत द्यायची, कंपनीला जी तूट येईल ती सरकारनं भरायची, अशी तिची मूळ मांडणी. पण ही तूट तीनच वर्षं भरून मिळते. तेवढ्यात प्रवासी जमले तर ठीक. चिपीचं मुंबईचं विमान बरोबर याच चक्रात सापडलं. ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं. मुंबई–सिंधुदुर्ग म्हणजे चाकरमान्यांचा रस्ता, गणपतीला रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. तिथंही ही गत असेल तर बिरसी–चिपीचं नाव कोण घेणार?

जगात सगळीकडं असंच आहे असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथं वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये प्रवासी विमान चालते. अंतर फक्त पावणेतीन किमी, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं आणि सर्वात कमी लागलेला वेळ ५३ सेकंद. जगातलं सर्वात छोटं नियमित उड्डाण म्हणून ते प्रसिद्ध आहे. आठ-दहा आसनांचं विमान, बेटावर जेमतेम शे-पाऊणशे माणसं. नफ्यासाठी ते चालतच नाही. बेटावरच्या माणसाला डॉक्टर, शाळा, बाजार मिळावा म्हणून सरकार पैसे देते, आणि तीन वर्षांनी बंद करत नाही. आपल्याकडं हे जमेल का हा वेगळा विषय, पण आकडा वाचला तेव्हा मला बिरसीच आठवलं.

पावसाचं आणि धुक्याचंही सांगून ठेवतो. चिपी पठारावर, समुद्राच्या तोंडाशी. जून-जुलैत कोकणात धार लागली की समोरचं दिसत नाही आणि विमान उतरवणं धोक्याचं होते. मग फेरी रद्द होते किंवा विमान दुसरीकडं वळवतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, वैनगंगेचं खोरं, ओलावा भरपूर. सकाळच्या फेरीला उशीर झाला की पुढच्या सगळ्या जोडण्या कोलमडतात. त्यामुळं पावसाळ्यात चिपीच्या आणि थंडीत बिरसीच्या भरवशावर लग्नाची, परीक्षेची किंवा कोर्टाची तारीख ठेवू नका. एक दिवस हाताशी ठेवा.

तिकीट काढताना दोन-तीन गोष्टी पाहायच्या. हैदराबादमार्गे जाताना पहिलं विमान एका कंपनीचं आणि दुसरं दुसऱ्या कंपनीचं असलं तर ती दोन वेगळी तिकिटं आहेत. पहिल्याला उशीर झाला आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी पैसे परत द्यायला बांधील नसते. सामानही हैदराबादला पट्ट्यावरून उचलून, बाहेर येऊन, परत नव्यानं द्यावं लागते. विमान सुटायच्या एक तास आधी सामान घेणारं काउंटर बंद होते, हे धरून मधे किमान तीन तास ठेवा. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे मिळाले तर दोनशे-पाचशे जास्त गेले तरी तेच घ्या. दुसरं म्हणजे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळी नेमकी या बदलाच्या आसपास येते. भावानं मागच्या महिन्यात ज्या वेळेच्या विमानानं प्रवास केला ते विमान दिवाळीत त्या वेळेला असेलच असं नाही, वारही बदललेला असू शकतो.

तिसरं गोव्याचं. गोव्यात आता दोन विमानतळं आहेत. तिकिटावर जीओएक्स असलं तर मोपा, जीओआय असलं तर दाबोळी. दाबोळीला उतरलात तर कुडाळ शंभर किमीच्या वर पडते. रात्री उशिराचं विमान असलं तर हा फरक खिशाला चांगलाच लागतो.

आणि इकडं नागपूरला उतरल्यावर प्रत्येकानं गोंदियाच गाठलं पाहिजे असं नाही. तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही हावडा मार्गावरची गावं, रात्रीही गाड्या आहेत, फक्त आपली गाडी आपल्या स्टेशनावर थांबते का ते पाहून बसा. देवरी आणि सडक अर्जुनीवाल्यांनी नागपूर–रायपूर महामार्गावरची एसटी किंवा ट्रॅव्हल्स धरावी, कोहमारा किंवा देवरीला उतरावं, तीन तासांत घरी. देवरीवरून बिरसीला यायलाच दीड-दोन तास जातात, तेव्हा त्यांना नागपूर तसंही फार लांब नाही. अर्जुनी मोरगाववाल्यांनी रात्री उतरल्यास गोंदियापर्यंत येऊन बल्लारशा मार्गाच्या सकाळच्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा साकोलीपर्यंत महामार्गानं यावं आणि घरून कोणाला तरी गाडी घेऊन बोलवावं.